विश्लेषण : फुटबॉल क्लबचे मालक बदलतात, तेव्हा चाहते काय विचारतात?

१८ मार्च २०२३ रोजी फातोर्ड्याच्या नेहरू स्टेडियमवर बंगळूरू एफसीला पेनल्टी शूटआउटमध्ये नमवून एटीके मोहन बागान इंडियन सुपर लीगचा विजेता ठरला. त्याच रात्री मालक संजीव गोएंका यांनी संघाच्या नावातून ‘एटीके’ वगळण्याची घोषणा केली. चाहत्यांना ती करंडकाइतकीच मोलाची का वाटली?

नाव आणि रंग कोणाचे?

मोहन बागानची स्थापना १८८९ची. १९११ मध्ये ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवून आयएफए शील्ड जिंकल्याचा इतिहास या नावाशी जोडलेला आहे. २०२० मध्ये गोएंका समूहाने क्लबच्या फुटबॉल कंपनीतील ८० टक्के हिस्सा घेतला. हिरवा-मरून रंग आणि बोधचिन्हातील शिडाची होडी कायम राहिली; मात्र नावापुढे समूहाच्या जुन्या संघाचे ‘एटीके’ लागले. ते काढावे, यासाठी चाहते तीन वर्षे आवाज उठवत राहिले. आता ‘सुपर जायंट’ ही जोड आहे. तीही समूहाच्या लखनऊ येथील आयपीएल संघाच्या नावाशी नाते सांगणारी.

क्रीडाहक्क कोणाकडे?

२०२० मध्ये ईस्ट बंगालमध्ये श्री सिमेंट कंपनी आली. प्राथमिक करार झाला; परंतु अटी क्लबचे हक्क हिरावणाऱ्या असल्याचे सांगत पदाधिकाऱ्यांनी अंतिम करारावर सही केली नाही. जुलै २०२१ मध्ये क्लबबाहेर चाहत्यांचेच दोन गट भिडले व पोलिसांनी लाठीमार केला. २०२२ मध्ये कंपनीने क्रीडाहक्क परत करून काढता पाय घेतला. त्यानंतर इमामी समूह आला.

कर्ज कोण फेडणार?

२००५ मध्ये ग्लेझर कुटुंबाने मँचेस्टर युनायटेडचा ताबा मोठ्या प्रमाणात कर्ज काढून घेतला आणि त्यातील मोठा भार क्लबवरच पडला. नाराज चाहत्यांनी त्याच वर्षी ‘एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर’ हा स्वतःचा क्लब काढला.

चाहत्यांना मताधिकार असतो का?

जर्मनीत ‘५० अधिक १’ नियमानुसार, काही अपवाद वगळता, बहुमत क्लबच्या सभासदांकडेच राहते. भारतात असे बंधन नाही. ८० टक्के हिस्सा विकल्यावर उरलेल्या २० टक्क्यांच्या बळावर मालकाचा निर्णय रोखणे कठीण असते. त्यामुळे नाव, रंग, क्रीडाहक्क आणि गुंतवणूकदाराने माघार घेतल्यास होणारी व्यवस्था यांबाबतची उत्तरे सही होण्यापूर्वीच लेखी मिळवणे, हाच चाहत्यांच्या हिताचा मार्ग ठरतो.