शंभर सर्व्हर, एक भाषा: ओपनएलएमआयची गोष्ट

मोरिवलीच्या एमआयडीसीत बसून पुण्यातले शंभर लिनक्स सर्व्हर सांभाळायचे, तर काय करणार? एसएसएच, बरोबर? ते १९९५ चं, आणि अजून ठणठणीत आहे. गोची एकच: प्रत्येक डिस्ट्रोच्या कमांड वेगळ्या, आउटपुट वेगळं. अपग्रेड केलं की स्क्रिप्ट कधी गंडेल, भरवसा नाही.

१९९६ मध्ये मायक्रोसॉफ्ट, इंटेल, सिस्को, कॉम्पॅक आणि बीएमसी (आपली पालिका नाही हो, सॉफ्टवेअर कंपनी!) यांनी डब्ल्यूबीईएम काढलं. डिस्क, नेटवर्क कार्ड, सर्व्हिस, सगळ्यांचं वर्णन एकाच ठरलेल्या पद्धतीनं. त्या पद्धतीचं नाव सीआयएम. विंडोजनं ते डब्ल्यूएमआय म्हणून आत घेतलं.

लिनक्समध्ये हे नीट बसवायचा प्रयत्न रेड हॅटच्या ओपनएलएमआयनं केला. २०१३ मध्ये फेडोरा १९, २०१४ मध्ये आरएचईएल ७. पायथॉनवर चालणारं एलएमआयशेल उघडायचं, ५९८९ पोर्टवर जोडायचं, की समोरच्या मशीनची डिस्क, सर्व्हिस, नेटवर्क सगळं हातात.

भारी होतं, पण फार कुणी वापरलं नाही. माझ्या मते सीआयएमची लांबलचक क्लासनावं नडली. एक सर्व्हिस रीस्टार्ट करायला एवढा संसार कोण मांडेल? त्यात २०१२ मध्ये ॲन्सिबल आलं होतं. त्याला समोर फक्त एसएसएच आणि पायथॉन पुरतं.

२०१५ मध्ये रेड हॅटनं ॲन्सिबलच विकत घेतलं. आरएचईएल ८ मध्ये ओपनएलएमआय नाही.