लंडनमधील एक बिऱ्हाड

व्हिक्टोरिया राणीच्या राजवटीत (१८३७–१९०१) लंडन शहर चहूंकडे पसरले आणि मध्यमवर्गीयांकरिता एकमेकांस भिंतीने चिकटलेल्या उंच, अरुंद घरांच्या ओळी उभ्या राहिल्या. प्रिमरोझ हिल टेकडीनजीक किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाचे चार मजली घर अशाच एका ओळीतले होय. थोरांचे स्मारक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वाडा किंवा गढी उभी राहते. हे मात्र परक्याचे घर. १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर येथे विद्यार्थी म्हणून राहिले, एवढेच त्याचे वैभव.

बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली त्यांस लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले होते. पुढे मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजातील प्राध्यापकीत साठविलेले पैसे, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना ह्या पारशी मित्राकडून घेतलेले पाच हजार रुपये कर्ज, एवढ्या बळावर ते १९२० मध्ये पुन्हा निघाले. ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात दिवसभर वाचन आणि रात्री बिऱ्हाडी पुन्हा वाचन, असा त्यांचा क्रम असे. दुपारचे जेवण बहुधा नसेच. एका परिचिताने दिलेले पापड रात्री भुकेस आधार देत, असे चरित्रकारांनी नमूद केले आहे. आपल्या अंकुशनगर परिसरातील जी मुले संभाजीनगर-पुण्यास भाड्याच्या खोलीत राहून शिकतात, त्यांच्या आईबापांस ह्या पापडांचा अर्थ निराळा सांगावयास नको.

१९२१ साली एम्.एस्सी., १९२२ साली ग्रेज इनची बॅरिस्टरी. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध परीक्षकांनी दुरुस्तीसाठी परत केला, तेव्हा पैसा संपत आलेला होता. बाबासाहेब १९२३ च्या एप्रिलमध्ये मुंबईस आले, येथूनच सुधारित प्रबंध धाडला, आणि त्याच वर्षी डी.एस्सी. मिळविली.

हे घर २०१५ साली विक्रीस निघाले असता महाराष्ट्र शासनाने तीस लाख पौंडांहून अधिक किंमत देऊन ते घेतले, आणि १४ नोव्हेंबर २०१५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी ह्यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. परंतु राहत्या घराचे संग्रहालय करावयाचे तर तेथील कॅम्डेन नगरपरिषदेची अनुज्ञा लागते. काही शेजाऱ्यांनी गर्दी व गोंगाटाची तक्रार केली, आणि परिषदेने वस्तीचे एक घर कमी होते म्हणून नकार दिला. शेजाऱ्यांस दोष देणे सोपे आहे. आपल्या आळीत रोज यात्रा भरू लागली, तर आपणही कुरकुर करू. पण ज्यास हयातभर जागोजागी दार बंद आढळले, त्याच्या स्मारकाचेही दार अडावे, ही गोष्ट मनास लागतेच.

सप्टेंबर २०१९ मध्ये जाहीर चौकशी झाली. मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारच्या मंत्र्यांनी संग्रहालयाच्या बाजूने निर्णय दिला, आणि १० क्रमांकाचे ते दार अभ्यागतांस उघडे राहिले.