पापगोपनाची प्रतीके, हॉथॉर्नच्या कथासाहित्यातील

पापगोपनाची प्रतीके, हॉथॉर्नच्या कथासाहित्यातील : एमर्सनप्रभृती अमेरिकन विचारवंत माणसाच्या उपजत सत्प्रवृत्तीचा पुरस्कार करीत होते, त्याच काळात तेथील स्वच्छंदतावादी साहित्याची एक शाखा मनाच्या काळोख्या बाजूकडे वळली. नाथॅन्येल हॉथॉर्न (१८०४–६४) व एडगर ॲलन पो (१८०९–४९) हे तिचे प्रमुख कथाकार. लपविलेले पाप हा दोघांचाही आवडता विषय होता. तथापि आच्छादन हेच पापाचे दर्शन ठरावे, ही कल्पना खास हॉथॉर्नची होय.

तिची मुळे न्यू इंग्लंडमधील प्यूरिटन समाजजीवनात आहेत. सतराव्या शतकात तेथील चर्चचे पूर्ण सभासदत्व मिळविण्यासाठी उमेदवाराला आपला आंतरिक धर्मानुभव सर्व मंडळीपुढे कथन करावा लागे. अंतःकरण ही खाजगी बाब नव्हती. १६९२ मधील सेलमच्या चेटूक-खटल्यांत ह्या प्रथेचे भीषण विडंबन झाले. त्यांत १९ जणांना फाशी देण्यात आली. चेटूक केल्याच्या कबुलीवर जे ठाम राहिले, त्यांच्यापैकी मात्र कोणीही फासावर गेले नाही. खोटी कबुली प्राण वाचवी आणि सत्य प्राण घेई. खटल्यांतील एक न्यायाधीश सॅम्युएल स्यूअल ह्यांनी १६९७ मध्ये बॉस्टनच्या चर्चमध्ये उभे राहून आपला दोष जाहीरपणे पत्करला. दुसरे न्यायाधीश जॉन हॅथॉर्न ह्यांनी तसे केले नाही. ते हॉथॉर्नचे खापरपणजोबा होत.

ह्या दृष्टीने ‘द मिनिस्टर्स ब्लॅक व्हेल’ ही कथा सर्वांत महत्त्वाची आहे. १८३६ च्या द टोकन ह्या वार्षिकात ती प्रथम आली व पुढे ट्‌वाइस-टोल्ड टेल्स (१८३७) ह्या संग्रहात समाविष्ट झाली. हूपर नावाचा सौम्य धर्मोपदेशक एका रविवारी तोंडावर काळा बुरखा घेऊन प्रवचनास येतो आणि मरेपर्यंत तो काढीत नाही. कापड साधेच, पण गावकरी अस्वस्थ होतात; आपण लपविलेले काहीतरी ह्याला दिसले, असे प्रत्येकाला वाटू लागते. वाग्दत्त वधू दुरावते, मुले पळतात. उलट, पापाने पोळलेले लोक मरणसमयी त्यालाच बोलावतात. एका विवाहप्रसंगी आरशात स्वतःचे रूप दिसताच हूपर स्वतःही दचकतो, हा तपशील विशेष बोलका आहे. मृत्युशय्येवर, आपल्याला प्रत्येक चेहऱ्यावर असाच बुरखा दिसतो, असे तो सांगतो. त्याचे पाप कोणते, हे हॉथॉर्न शेवटपर्यंत सांगत नाही.

पोला हे मौन पटले नाही. १८४२ च्या परीक्षणात त्याने असे सूचित केले, की कथेच्या आरंभी जिची अंत्ययात्रा निघते, त्या तरुणीशी निगडित एक घोर अपराध हूपरच्या हातून घडलेला आहे. हे वाचन चतुर असले, तरी ते कथेला कोड्याचे रूप देते. हूपरचा अपराध एकदा निश्चित झाला, की गावकरी निर्दोष ठरतात. हॉथॉर्नने स्वतः दिलेली तळटीप येथे उद्‌बोधक आहे. मेन राज्यातील यॉर्क येथील जोसेफ मूडी ह्या धर्मोपदेशकाच्या हातून तरुणपणी चुकून मित्राचा मृत्यू झाला होता व त्याने आमरण तोंड झाकून घेतले, असे ती सांगते. पण मूडीच्या बुरख्याचा अर्थ वेगळा होता, हेही ती स्पष्ट करते.

पोच्या ‘द टेल-टेल हार्ट’ (१८४३) मध्ये फरशीखाली दडविलेले प्रेत खुन्याच्या कानांत धडधडू लागते. तेथे गोपन ही कृती आहे आणि ती उघडकीस आली, की कथा संपते. हॉथॉर्नच्या द स्कार्लेट लेटर (१८५०) ह्या कादंबरीत तसे होत नाही. हेस्टरच्या वस्त्रावरील लाल अक्षर सर्वांना दिसते व कालांतराने ती त्यासह ताठ मानेने जगू लागते; तिच्या पापाचा भागीदार डिम्सडेल मात्र छातीवर हात ठेवून सात वर्षे झुरतो. अखेर वधमंचावर चढून तो छाती उघडी करतो. तिच्यावर तेच अक्षर उमटलेले होते, असे बहुतेक प्रेक्षक सांगतात. काही प्रतिष्ठित साक्षीदारांच्या मते तेथे कोणतीही खूण नव्हती आणि त्याने स्वतःच्या अपराधाचा उच्चारही केला नाही.