‘हिंदू नववर्ष’ नेमके कोणाचे?

पाडव्याला मेढ्यात घरोघर गुढ्या उभ्या राहतात, ‘हिंदू नववर्षा’च्या शुभेच्छा दिल्या जातात. पण गुजराती व्यापाऱ्याचे वर्ष दिवाळीनंतर कार्तिकात सुरू होते. तमिळ, बंगाली, पंजाबी माणसाचे एप्रिलच्या मध्यात. मग सगळ्या हिंदूंचे एक नववर्ष कुठले?

१६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली, तेव्हापासून गुढी सुरू झाली, असे आपले काही मित्र सांगतात. हे टिकत नाही. त्याआधी साडेतीनशे वर्षे होऊन गेलेल्या चोखोबांच्या अभंगातच गुढी उभारण्याचा उल्लेख आहे.

कच्च्या पुराव्याची आपल्याला गरजच काय? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी २२ प्रतिज्ञा दिल्या, त्यांत हिंदू धर्माचा त्याग आहे. आम्ही गुढी उभारत नाही ते त्यामुळे. जय भीम!