पोकलेनच्या धूरशुद्धी यंत्रणेतील सेन्सर : दोषनिदान

डिझेल उत्खनकाच्या धुरातील काजळी व नायट्रोजनची ऑक्साइडे (नॉक्स) काढून टाकणाऱ्या यंत्रणेत तापमान, दाब, नॉक्स आणि युरियाचे द्रावण मोजणारे सेन्सर असतात. त्यांपैकी एखाद्याने दोष दाखवला, की तो दोष सेन्सरचा, वायरिंगचा की खुद्द यंत्रणेचा हे ठरवण्याची ही पद्धत. महाराष्ट्रात अशा उत्खनकाला सरसकट पोकलेन म्हणतात. हे नाव फ्रान्समधील पोक्लां कंपनीवरून रूढ झाले आणि यंत्र कोणत्याही कंपनीचे असले तरी टिकून राहिले.

ही यंत्रणा धुरावरच्या नियमांमुळे आली. अमेरिकेत १३० ते ५६० किलोवॅटच्या इंजिनांना २०१४ पासून टियर ४ फायनल नियम लागू झाले. त्यांत नॉक्सची मर्यादा दर किलोवॅट-तासाला ०.४० ग्रॅम आहे. युरोपने २०१९ पासून स्टेज ५ मध्ये काजळीच्या कणांची संख्याही मोजायला घेतली, त्यामुळे गाळणी टाळणे जवळजवळ अशक्य झाले. भारतात चाकांच्या बांधकाम यंत्रांना अशा नियमांचा चौथा टप्पा १ एप्रिल २०२१ पासून आणि पाचवा १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. पूर्वी सायलेन्सर जिथे संपत असे, तिथे आता इंजिनाचा अर्धा हिशेब सुरू होतो.

धूर आधी ऑक्सिडेशन कॅटालिस्टमधून आणि मग काजळी अडवणाऱ्या डीपीएफ गाळणीतून जातो. पुढे त्यात ३२.५ टक्के युरियाचे द्रावण फवारले जाते. उष्णतेने युरियाचा अमोनिया होतो आणि एससीआर कॅटालिस्टमध्ये तो नॉक्सचे नायट्रोजन व पाण्यात रूपांतर करतो. साइटवर या द्रावणाला नुसते ‘युरिया’ म्हणतात. शेतातले खत पाण्यात कालवून टाकीत ओतण्याचा अनर्थ या नावामुळेही होतो. खताच्या युरियातील अशुद्धी कॅटालिस्ट निकामी करते.

स्कॅनरवर दिसणाऱ्या दोषाच्या कोडला दोन भाग असतात. एसपीएन हा क्रमांक कोणत्या मापाबद्दल तक्रार आहे ते सांगतो, एफएमआय तक्रारीचा प्रकार सांगतो. एसपीएन ३२५१ म्हणजे गाळणीच्या दोन बाजूंमधील दाबाचा फरक. त्याच्यापुढे एफएमआय ३ किंवा ४ असेल तर व्होल्टेज शक्य त्या पट्ट्याबाहेर गेले आहे, म्हणजे वायर, कनेक्टर किंवा सेन्सर तपासायचा. ० किंवा १६ असेल तर दाब खरोखरच वाढला आहे आणि सेन्सर आपले काम चोख करतो आहे. अशा वेळी तो बदलला तर नवा सेन्सरही तेच सांगेल. दुसरा आकडा न वाचता भाग मागवणे ही या कामातली सर्वांत महागडी सवय आहे.

दाबाच्या सेन्सरची पहिली परीक्षा इंजिन बंद ठेवून, चावी ऑन करून घ्यावी. आकडा शून्याच्या आसपास हवा. इंजिन पूर्ण वेगात असतानाही तो हलत नसेल, तर सेन्सरकडे जाणाऱ्या नळ्या पाहाव्यात. गाळणीच्या अलीकडची नळी काजळीने बुजते, रबर उष्णतेने चिरते, सखल जागी पाणी साठते. अशी बुजलेली नळी घातक असते, कारण गाळणी भरत जाते आणि आकडा निवांत राहतो. नळी साफ करताना आधी ती सेन्सरपासून सोडवावी. कॉम्प्रेसरची हवा सेन्सरमध्ये गेली तर आतला पडदा फाटतो.

तापमानाच्या सेन्सरांसाठी पहाटेची वेळ उत्तम. यंत्र रात्रभर उभे असेल तर सगळ्या सेन्सरांनी हवेचे, म्हणजे जवळपास एकच तापमान दाखवले पाहिजे. एखादा वीस-पंचवीस अंशांनी वेगळा बोलत असेल तर तोच संशयित. काही यंत्रांत प्लॅटिनमचे सेन्सर असतात. त्यांचा रोध शून्य अंशाला २०० ओहम आणि २५ अंशांना सुमारे २२० ओहम असतो, म्हणून साध्या मल्टीमीटरनेही त्यांची खात्री होते.

नॉक्स सेन्सर महाग असतो आणि त्याच्यावरच सर्वाधिक अन्याय होतो. त्याचा झिर्कोनियाचा सिरॅमिक भाग सुमारे ८०० अंशांपर्यंत तापवला जातो. त्यावर पाण्याचा थेंब पडला तर तो तडकतो, म्हणून धुराची नळी कोरडी होईपर्यंत यंत्राचा कॉम्प्युटर तो चालूच करत नाही. सुरू केल्याबरोबर आकडा येत नाही, हा दोष नव्हे. दुसरी गोष्ट अधिक फसवी आहे : हा सेन्सर अमोनियालाही नॉक्स समजतो. युरिया जास्त फवारला गेला किंवा कॅटालिस्ट थकला, तर शेपटाकडचा सेन्सर वाढलेला आकडा दाखवतो आणि फिटर युरिया कमी पडतो असे समजतो. यावर उपाय असा : गरम यंत्रात सर्व्हिस सॉफ्टवेअरने फवारणी थांबवावी आणि साठलेला अमोनिया संपू द्यावा. आता कॅटालिस्टच्या आधीच्या व नंतरच्या नॉक्स सेन्सरांनी जवळपास सारखाच आकडा दाखवायला हवा. दाखवत असतील तर दोघेही निर्दोष, आणि शोध युरिया, नोझल किंवा कॅटालिस्टकडे वळवायचा.

युरियाचे प्रमाण रिफ्रॅक्टोमीटरने काही थेंबांत कळते. मात्र टाकीत डिझेल पडले असेल तर ते या उपकरणाला ओळखता येतेच असे नाही. त्यासाठी वर तरंगणारा तवंग पाहावा.

पोकलेनमध्ये खडकावर बकेट आदळण्याचे हादरे आणि धूळ असल्याने वायरिंग आधी घासते, सेन्सर नंतर मरतो. कनेक्टरमध्ये पांढरे स्फटिक दिसले तर युरिया आत शिरला आहे. तो तांब्याला खातो आणि वायरच्या आतून पुढच्या कनेक्टरपर्यंत सरकतो. तेवढा तुकडा कापून बदलणे भाग असते, पुसून चालत नाही. नॉक्स सेन्सर कॉम्प्युटरशी कॅन नावाच्या जाळ्याच्या दोन वायरींवरून बोलतो. बॅटरी तोडून त्या दोन वायरींमध्ये मोजल्यास सुमारे ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर एका टोकाचा रोधक हरवला आहे किंवा वायर तुटली आहे. बॅटरी तोडण्यापूर्वी पंपाला नळीतला युरिया टाकीत परत ओढून घेऊ द्यावा. नाहीतर तो नळीतच गोठतो किंवा स्फटिक होऊन बसतो, आणि दुरुस्तीतूनच नवा कोड जन्मतो.

तासन्‌तास रिकामे चालणारे यंत्र हे अनेक कोडांचे मूळ आहे. धूर थंड राहिला तर काजळी जळत नाही आणि युरियाचा दगड बनतो. दुरुस्तीनंतर गाळणीतली काजळी सक्तीने जाळण्याची प्रक्रिया सुरू केली, तर आतले तापमान साधारण ५५० ते ६०० अंशांवर जाते. त्यामुळे यंत्र सुक्या गवतापासून, डिझेलच्या पिंपांपासून आणि माणसांपासून दूर, मोकळ्या कातळावर उभे करूनच ती करतात. मग प्रत्यक्ष खोदकामाच्या भाराखाली आकडे पुन्हा वाचतात आणि त्यानंतरच कोड पुसतात.