हुगळीकांठचें बांकीबाजार

हुगळी नदीच्या तीरावरील युरोपियन वखारींचीं नांवें आपणांस शाळेपासून परिचित असतात. डचांचें चिन्सुरा, फ्रेंचांचें चंद्रनगर, डेन लोकांचें श्रीरामपूर आणि इंग्रजांचें कलकत्ता. या मालिकेंतून बांकीबाजार हें नांव मात्र गळून पडलें आहे. पूर्व तीरावर इच्छापुराजवळ असलेल्या या वखारीवर ऑस्ट्रियाच्या बादशहाचें निशाण फडकत असे, हें ऐकून पुष्कळांस नवल वाटेल; कारण व्हिएन्नाहून समुद्र केवढा दूर!

१७१३-१४ च्या तहांनीं बेल्जमचा मुलूख बादशहा सहाव्या चार्ल्सकडे आला व त्याबरोबर ऑस्टेंडचें बंदरही आलें. तेथील व्यापाऱ्यांनीं १७२२ सालीं त्याच्याकडून सनद मिळविली. साठ लक्ष गिल्डरांचें भांडवल ठरलें. कँटनचा चहा आणि बंगालचें कापड यांवर कंपनीस असा नफा होऊं लागला कीं, लंडन व आम्स्टरडॅम येथील जुन्या कंपन्यांच्या पोटांत दुखूं लागलें.

पुढें जें घडलें त्याचें कारण हुगळीकांठीं शोधून सांपडणार नाहीं. चार्ल्सला पुत्र नव्हता. आपल्या मागें कन्या मेरिया थेरेसा हिला राज्य निर्वेध मिळावें म्हणून तो दरबारोदरबारीं हमी मागत होता. इंग्रजांनीं आपल्या हमीची किंमत सांगितली: ऑस्टेंड कंपनी. १७२७ त सनद सात वर्षें तहकूब झाली आणि १७३१ च्या व्हिएन्नाच्या तहानें हा व्यापार कायमचा बंद झाला. मुलीच्या सिंहासनासाठीं बापानें व्यापाऱ्यांचें दुकान विकलें! १७४० त तो वारला आणि त्याच हिवाळ्यांत प्रशियाच्या फ्रेडरिकनें सायलेशियावर झडप घातली. इंग्रजांनीं आपला शब्द द्रव्यरूपानें बराचसा पाळला, हें न्यायास धरून सांगितलें पाहिजे. पण सायलेशिया गेला तो गेलाच.

बांकीबाजारचीं माणसें मात्र जागीं राहिलीं. पाठीशीं कंपनी नाहीं, बादशहा नाहीं. इतक्यांत १७४२ त नागपूरकर भोसल्यांचे कारभारी भास्करराम कोल्हटकर बंगाल्यांत शिरले व मराठ्यांनीं हुगळी शहरही घेतलें. आपल्याकडे ती स्वारी अभिमानानें सांगतात. तिच्या धुमाळींत बंगालची रयत व नदीकांठचा व्यापार यांची काय दशा झाली, हें क्वचितच सांगतात. १७४४ त अलीवर्दीखानानें भास्करपंतांस भेटीस बोलावून ठार केलें. त्याच सालीं हुगळीच्या फौजदारानें बांकीबाजारास वेढा दिला व वखारींतील मंडळींस तेथून कायमचें निघावें लागलें.

पुढें इंग्रजांनीं इच्छापुरास बंदुकीच्या दारूचा कारखाना घातला आणि १९०४ त तेथेंच रायफली बनूं लागल्या. ऑस्टेंड कंपनीचे कागद अँटवर्पच्या दप्तरखान्यांत आहेत.