तळपद्यांचें विमान आणि दोन बोटांची परीक्षा

पालघर-बोईसर रस्त्यावरील कोळगांव हें नांव आतां जिल्ह्याच्या मुख्यालयामुळें पुष्कळांच्या कानांवरून गेलें असेल. जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजीं निर्माण झाला व 2021 सालीं येथें कचेऱ्यांची मोठी वास्तू उभी राहिली. आमचें तेथें जाणें झालें तें मात्र कचेरीच्या कामासाठीं नव्हे. आमच्या भाच्यानें रेडिओच्या लहरींवर चालणारें एक लहान विमान घरीं जुळविलें होतें, आणि भातकापणीनंतर मोकळ्या पडलेल्या खाचरांत तें उडवावयाचें होतें.

सुट्या भागांचा तयार संच आणून त्यांत त्यानें स्वतःचे फेरफार केले होते. त्यांतलाच एक म्हणजे मूळच्यापेक्षां मोठी बॅटरी. उडविण्यापूर्वीं त्यानें पंखांखालीं दोन बोटें टेकवून विमान उचललें. शेपूट खालीं गेलें. बॅटरी थोडी नाकाकडे सरकवून पुन्हां उचललें, आणि विमान बोटांवर स्थिर राहिलें. "मामा, शेपूट जड राहिलें कीं तें हातांत राहत नाहीं," असें म्हणून त्यानें बॅटरीची जागा वहींत टिपून ठेवली.

ती दोन बोटांची परीक्षा पाहतांना आम्हांस शिवकर बापूजी तळपदे आठवले. या संस्कृतज्ञ मुंबईकरानें 1895 सालीं गिरगांवच्या चौपाटीवर 'मरुत्सखा' नांवाचें मनुष्यरहित विमान आकाशांत सोडलें व तें 1500 फूट उंच गेलें, अशी कथा आपल्या घराघरांतून सांगितली जाते. 2015 सालीं तिजवर एक हिंदी बोलपटही निघाला. लहानपणीं आम्हीही ती अभिमानानें सांगत असूं. पण इतिहासाच्या विद्यार्थ्यानें साक्षीदार मागावयाचा असतो, आणि येथें मोजमाप, आराखडा, छायाचित्र यांपैकीं कांहींच हातीं लागत नाहीं.

अवघ्या वर्षभरानें, 6 मे 1896 रोजीं, अमेरिकेंत लँग्ले यांनीं पोटोमॅक नदीवरील एका नौकेवरून वाफेच्या एंजिनाचें विमान सोडलें. त्यांतही माणूस नव्हता. तें सुमारें 3300 फूट अंतर गेलें. हें आपण निःशंक सांगूं शकतों, कारण टेलिफोनवाले बेल तेथें हजर होते व त्यांनीं त्याचें छायाचित्र घेतलें. त्याच लँग्ले यांचें माणूस वाहून नेणारें विमान 1903 सालीं दोनदां नदींत कोसळलें. तेंही तितकेंच स्वच्छ नोंदलेलें आहे! अशी नोंद ठेवणाऱ्याच्या यशावर विश्वास ठेवणें सोपें जातें.

तळपदे खोटें बोलले असें आम्ही म्हणत नाहीं. त्यांनीं कांहीं प्रयोग केला असेल, तो थोडाफार साधलाही असेल. परंतु आपण त्यांस मोठेपणा देण्याच्या भरांत उंचीचा आंकडा जपला आणि त्यांच्या खटपटीचा तपशील गमावला, याचें आम्हांस वाईट वाटतें.

खाचरावरून तें इवलेंसें विमान चार घिरट्या घालून सुखरूप उतरलें. भाच्यानें घड्याळ पाहून वेळ लिहिली. परततांना तळपद्यांची गोष्ट ऐकून त्यानें एकच प्रश्न विचारला : "मामा, त्यांच्या विमानाचें वजन किती होतें?"